रोल मॉडेल म्हणजे आदर्श नव्हे

३१ ऑगस्ट २०२३. अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू कार्यकर्ते घेऊन वांद्र्याला सचिन तेंडुलकरच्या घरासमोर पोचले. घोषणा झाल्या आणि शेवटी पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. मागणी एका वाक्याची होती: ऑनलाइन गेमिंगची जाहिरात सोडा, नाहीतर भारतरत्न परत करा.

अशा जाहिराती सिनेमातल्या नटांनीही केल्या आणि त्यांच्यावरही टीका झाली. पण नटांवरची टीका रागाची होती. सचिनच्या बाबतीत तिला दुखावलेपणाची किनार होती, ‘अहो, तुम्ही पण?’ अशी. आणि हे ऐकून घेणारा खेळाडू कोण, तर तंबाखू आणि दारूची जाहिरात करणार नाही असं वडिलांना दिलेलं वचन पाळणारा म्हणून ज्याची गोष्ट मराठी घरांत मुलांना सांगितली जाते, तोच. वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी. म्हणजे एका जाहिरातीला दिलेल्या नकारामुळे जो माणूस आपल्या मनात उंच बसला, त्याच्याकडे दुसऱ्या जाहिरातीचा जाब मागायला लोक दारात उभे.

कडूंचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. त्या खेळांपायी कर्जबाजारी झालेली पोरं गावोगाव आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि त्यांच्या जाहिराती यांवर बंदी घालणारा कायदा केलाच. पण ‘खेळाडूंनी आदर्श असावं की नाही’ हा प्रश्न आपण ज्या पद्धतीने विचारतो, त्यात एक गाठ बसलेली आहे. ती सोडवली तर बरीच भांडणं आपोआप विरतील, असं मला वाटतं.

गाठ शब्दातच आहे

‘रोल मॉडेल’ ही संज्ञा रूढ करण्याचं श्रेय अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांना दिलं जातं. काळ साधारण १९५० च्या दशकाचा. मर्टन यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. काही वेळा आपण एखाद्या माणसाला अख्खा स्वीकारतो. त्याचं वागणं, मूल्यं, राहणी, सगळंच आपल्यात यावं असं वाटतं. आणि काही वेळा आपण त्याची फक्त एक भूमिका उचलतो, फार तर दोन. रोल मॉडेल हे नाव त्यांनी या दुसऱ्या, मर्यादित प्रकाराला दिलं होतं. रोल म्हणजे भूमिका. अख्खा माणूस नव्हे.

शिकाऊ डॉक्टर मोठ्या सर्जनकडून टाका कसा घालायचा ते शिकतो, नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगायची ते शिकतो. सर्जनसाहेब घरी बायकोशी कसे बोलतात हे तो बघायला जात नाही. एवढाच मूळ अर्थ.

हा शब्द मराठीत आला आणि आपण त्याचं ‘आदर्श’ करून टाकलं. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसा. ज्यात बघून आपण स्वतःला सारखं करायचं, तो. मराठीत तर हा शब्द आणखी जड होऊन बसला. आदर्श पुत्र म्हणजे राम, आदर्श माता, आदर्श गाव, आदर्श शिक्षक पुरस्कार. (घोटाळ्याने गाजलेली कुलाब्याची एक आदर्श सोसायटीही होती, पण ते असो.) आदर्श म्हटलं की त्यात डाग चालत नाही. म्हणजे इंग्रजी शब्द एक भूमिका मागत होता आणि आपल्या शब्दाने अख्खा माणूस मागितला. मग फलंदाजी करणाऱ्या माणसाकडून आपण सत्य, संयम, एकपत्नीव्रत, देशभक्ती आणि आयकराचं वेळेवर विवरणपत्र असं सगळंच मागायला लागलो.

फेब्रुवारी २०२१ ची गोष्ट आठवा. शेतकरी आंदोलनावर परदेशातून ट्विट आले तेव्हा ‘बाहेरच्यांनी यात पडू नये’ अशा अर्थाचं सचिनने लिहिलं आणि त्याच्यावर झोड उठली. त्याआधी कित्येक वर्षं ‘हा कशावरच बोलत नाही’ म्हणूनही तो बोलणी खात होताच. तेव्हा शरद पवारांनी सल्ला दिला की आपल्या क्षेत्राबाहेरच्या विषयावर बोलताना सचिनने काळजी घ्यावी. मर्टन यांचं म्हणणं पवारांनी मराठीत सांगितलं म्हणा ना. फक्त सांगणारे स्वतः राजकारणातून येऊन क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झालेले होते, त्यामुळे क्षेत्राची ही कुंपणं नेमकी कुणासाठी, असा प्रश्न मनात आलाच.

पोरं शिकतात कशी

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. राहतात डोंबिवलीला. मे महिन्यात सोसायटीच्या आवारात प्लास्टिकच्या चेंडूने खेळत होता. समोर दुसऱ्या मजल्यावरची मुलगी, त्याच्याहून वर्षाने लहान. त्याने तिचा त्रिफळा उडवला, दोन्ही मुठी आवळल्या, तिच्याकडे बघत डोळे मोठे केले आणि अशी एक हिंदी शिवी हासडली की खालच्या वॉचमनकाकांनी मान वर केली. माझी बहीण गॅलरीतूनच ओरडली, “कुठून शिकलास हे?”

तो खरंच गोंधळला होता. “अगं आई, विकेट पडली की असंच म्हणतात!”

त्याच्या लेखी ती शिवी नव्हतीच. रनअप, मनगटाची घडी, हातमोज्याचं वेल्क्रो दर चेंडूला उघडून पुन्हा लावणं आणि विकेट पडल्यावरचा तो शब्द, हे सगळं मिळून ‘क्रिकेट’ होतं. भूमिका कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो, ही रेघ नऊ वर्षांच्या पोराला दिसत नाही.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्डला याच गोष्टीवर एक प्रयोग केला, तो आता फार प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाने हवेच्या बाहुल्याला बुक्के मारले, बघणाऱ्या मुलांनीही नंतर तेच केलं. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १९६५ चा पुढचा प्रयोग. या वेळी मुलांना फिल्म दाखवली. काहींनी बघितलं की मारणाऱ्याला खाऊ मिळाला, काहींनी बघितलं की त्याला ओरडा बसला, आणि काहींच्या फिल्ममध्ये पुढे काहीच झालं नाही. ओरडा बसलेला बघणाऱ्या मुलांनी मारामारीची नक्कल कमी केली. इथपर्यंत अपेक्षित. नंतर सगळ्या मुलांना सांगितलं, त्या माणसाने काय केलं ते करून दाखवलंत तर बक्षीस. आणि तिन्ही गटांतला फरक जवळपास पुसला गेला. म्हणजे शिकली सगळीच होती. शिक्षा बघितलेली मुलं फक्त करत नव्हती.

‘खेळाडूवर बंदी घातली की मुलांना धडा मिळतो’ असं आपण म्हणतो त्यातलं खरं-खोटं इथे दिसतं. धडा मिळतो, पण तो ‘पकडले जाऊ नका’ असाही असू शकतो. ‘मी कुणाचा आदर्श नाही’ असं जाहीर करूनही मग खेळाडूची सुटका होत नाही. बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कलीने १९९३ मध्ये एका जाहिरातीत अगदी हेच सांगितलं होतं: मी बास्केटमध्ये चेंडू टाकतो म्हणून तुमची पोरं मी वाढवावीत असं नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण ती जाहिरात बुटांच्या कंपनीची होती. आणि तो घालतो तसले बूट पोरांना हवेसे वाटावेत, यासाठीच तर त्याला पैसे मिळत होते.

लंगोटाचा पक्का

खेळाडूने चारित्र्याने स्वच्छ असावं ही अपेक्षा टीव्हीने आणली असं नाही. ती आपल्याकडे तालमीत जन्मली.

माझं आजोळ कोल्हापूरकडचं. गावच्या तालमीत मुलींना आत जायला मिळायचं नाही, म्हणून मी उंबऱ्याबाहेरून बघायचे. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळलेली असायची, पावसाळ्यात तिचा वास गल्लीभर. कोनाड्यात मारुती, भिंतीवर शाहू महाराज आणि एका काळवंडलेल्या चौकटीत खाशाबा जाधव. वस्ताद पोरांना डावपेच शिकवायचे त्याहून जास्त वेळ वागणं शिकवायचे. पैलवानाने गावातून मान खाली घालून चालावं. अंगात जोर आहे म्हणून कुणाच्या अंगावर जाऊ नये. लंगोटाचा पक्का असावा. गावात भांडण झालं तर पैलवानाने सोडवायला जावं, करायला नाही.

या अपेक्षेला एक हिशोब होता, आणि तो आपण विसरतो. पैलवानाचा खुराक गाव पुरवायचं. कुणाच्या घरचं दूध, कुणाचं तूप, कुणी जत्रेच्या फडात बिदागी लावायची. पैलवान रोज डोळ्यांसमोर असायचा. चुकला तर वस्ताद चारचौघांत कानाखाली वाजवू शकायचे. आणि पैलवानालाही माहीत असायचं की कोण आपल्याला खाऊ घालतंय. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला त्यांची मिरवणूक निघाली ती १५१ बैलगाड्यांची. गावाने घातलं आणि गावाला मिळालं. (सरकारचा हिशोब मात्र उधारीचाच राहिला. १९८४ मध्ये अपघातात खाशाबा गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.)

‘आदर्श’ हा असा तालमीतला शब्द आहे. तो चालतो कारण दोन्हीकडून दोरी धरलेली असते. आपण तोच शब्द उचलून टीव्हीतल्या माणसाला लावला, जिथे दोरीच नाही. आपण त्याला घातलेलं नाही, तो आपल्याला ओळखत नाही, आणि त्याच्या कानाखाली वाजवणारा वस्ताद आपल्याला कधी दिसत नाही.

तालमीबद्दलही भाबडं व्हायला नको. निवडणूक आली की याच पोरांना कुणाच्या तरी मागे जीपमधून फिरताना मी पाहिलंय. आणि दोन ऑलिंपिक पदकं जिंकलेल्या सुशील कुमारला मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममधल्या खुनाच्या प्रकरणात अटक झाली, तेव्हा आजोळच्या तालमीतला त्याचा कॅलेंडरमधून कापलेला फोटो कुणीतरी काढून टाकला. दोषी की निर्दोष हे न्यायालयाने ठरवायचं. पण भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला होता आणि तिथले पोरगे त्याविषयी काही बोलायला तयार नव्हते.

फोटो लावताना आपण असं धरून चाललेलो असतो की जो मातीत इतका मोठा, तो बाहेरही मोठाच असणार. या चुकीला मानसशास्त्रात प्रभावळीचा परिणाम म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं होतं की सैन्यातले अधिकारी आपल्या हाताखालच्यांना गुण देताना, ज्याची शरीरयष्टी चांगली त्याला बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्यातही वरचे गुण देऊन टाकत होते. देवाच्या मूर्तीमागची प्रभावळ जशी सगळ्या मूर्तीवरच उजेड पाडते, तसं. खेळाडूच्या बाबतीत ही चूक होणं सगळ्यात सोपं, कारण शरीराचं कसब डोळ्यांना लगेच दिसतं. कष्ट, शिस्त, वेदना सोसणं हे खरे गुणच आहेत, पण ते प्रामाणिकपणाचे किंवा दयाळूपणाचे पुरावे नव्हेत. पहाटे ४ वाजता उठणारा माणूस फक्त पहाटे ४ वाजता उठतो, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

सचिन आणि विनोदची गोष्ट

प्रत्येक मराठी घरात ही गोष्ट एकदा तरी सांगितली गेली आहे. दोन मित्र, एकच गुरू, रमाकांत आचरेकर. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रम शाळेकडून खेळताना ६६४ धावांची अभेद्य भागीदारी. सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. मग आई किंवा बाबा थांबतात, बोट वर करतात आणि म्हणतात, “एकाने शिस्त पाळली, एकाने नाही. बघ.”

मला ही गोष्ट दिवसेंदिवस नकोशी वाटायला लागली आहे. खोटी आहे म्हणून नाही. दारूबद्दल कांबळी स्वतः मोकळेपणाने बोललेला आहे. अडचण ही की शेवट माहीत असल्यावर आपण मागे जाऊन सगळी कारणं नीट लावून ठेवतो. कांबळीने १७ कसोटी खेळल्या, सरासरी ५४.२०. १९९३ मध्ये त्याने लागोपाठच्या दोन कसोट्यांत द्विशतकं ठोकली, २२४ आणि २२७. शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. त्याच्या बेशिस्तीची गोष्ट सांगताना हे आकडे कुणी सांगत नाही, कारण ते गोष्टीत बसत नाहीत.

आणखी एक गोष्ट बसत नाही. सचिनला शाळेसाठी शिवाजी पार्कजवळ काका-काकूंचं घर राहायला मिळालं, मागे थोरला भाऊ अजित सावलीसारखा उभा होता. विनोद कांजूरमार्गहून किट खांद्यावर घेऊन लोकलच्या गर्दीतून यायचा. याने सचिनचे कष्ट कमी होत नाहीत. आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे आणि जो बाद करेल त्याला ते मिळायचं, नाबाद राहिला तर सचिनला. अशी १३ नाणी त्याने अजून जपून ठेवली आहेत. ती त्याने कमावलेलीच आहेत. पण ‘शिस्त’ या एका शब्दात दोन आयुष्यांचा निकाल लावून आपण पोरांना जे शिकवतो ते शिस्तीबद्दल कमी आणि जिंकणाऱ्याच्या बाजूने गोष्ट कशी रचायची याबद्दल जास्त असतं. जो जिंकतो त्याच्या सवयी सद्गुण ठरतात. त्याच सवयी असलेले आणि न जिंकलेले शेकडो जण आझाद मैदानावरून कधी घरी परतले, कुणाला ठाऊक.

सगळ्या चुका सारख्या नसतात

मूळ अर्थाकडे परत गेलं की एक चांगली चाळणी हाती येते. खेळाडूने चूक केली की आधी विचारायचं: ही चूक त्याच्या भूमिकेच्या आत झाली की बाहेर?

दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कर्णधार हॅन्सी क्रोन्ये याने २००० मध्ये सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याचं कबूल केलं. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली, कारण ती औषधांच्या जोरावर मिळवलेली होती. मार्च २०१८ मध्ये केपटाऊनला ऑस्ट्रेलियाच्या बँक्रॉफ्टने सँडपेपरने चेंडू घासला आणि स्मिथ व वॉर्नर वर्षभरासाठी बाहेर बसले. या तिन्ही प्रकरणांत खेळाडूने नेमकी तीच गोष्ट मोडली जिच्यासाठी आपण त्याच्याकडे बघत होतो. इथे फसवणूक झाल्याची भावना रास्त आहे. यासाठीच खेळाडूंवर इतरांवर नसतात असले कडक नियम असतात. उत्तेजकविरोधी यादीतल्या अव्वल खेळाडूला रोज दिवसातला एक तास आणि ठिकाण आगाऊ कळवून ठेवावं लागतं, आणि १२ महिन्यांत तीनदा चुकलं तर बंदी येऊ शकते. कुठल्या आमदाराला हे लावून बघा.

गोल्फपटू टायगर वुड्सची विवाहबाह्य प्रकरणं २००९ मध्ये बाहेर आली आणि काही मोठ्या कंपन्यांनी त्याच्याशी करार तोडले. त्याने कुणाला दुखावलं असेल तर ते घरच्या माणसांना. त्याचा गोल्फ खोटा नव्हता. हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांनी टीव्हीवरच्या गप्पांत बायकांबद्दल जे तारे तोडले (जानेवारी २०१९), त्यात मात्र मामला मधला आहे. मैदानाबाहेर बोलले खरे, पण भारताचा खेळाडू म्हणूनच बोलावले गेले होते. प्रत्येकी २० लाखांचा दंड झाला. मला तो योग्य वाटला.

आणि स्वतःचं नुकसान करून घेणारे, व्यसनात किंवा नैराश्यात अडकलेले, यांना या रांगेत उभंच करू नये. त्यांना मदत लागते, धडा म्हणून त्यांचा वापर करणं हा आपला आळस आहे.

जाहिरात मात्र नक्की भूमिकेच्या आत येते, कारण खेळाडूला जाहिरात मिळते ती खेळामुळेच. ज्या प्रभावळीबद्दल वर बोलले तीच कंपनी विकत घेते. पुल्लेला गोपीचंदने २००१ मध्ये बॅडमिंटनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर कोलाची जाहिरात नाकारली होती. स्वतः जे पीत नाही ते दुसऱ्यांना प्या म्हणणार नाही, असं त्याचं साधं म्हणणं. दुसरीकडे मोठमोठे माजी क्रिकेटपटू ‘वेलची’च्या जाहिरातीत हसताना दिसतात आणि त्या पुडीवरचं नाव पानमसाल्याचं असतं हे पानटपरीवरच्या पोरालाही कळतं. कायदाही आता इकडे बघतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणारी जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, वर काही काळ जाहिरातबंदी. वस्तूची नीट खातरजमा केली होती हे दाखवता आलं तर सुटका. ‘मला काय माहीत, मी फक्त कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो’ हे म्हणणं आता पुरत नाही. म्हणून बच्चू कडूंचा प्रश्न मला रास्त वाटतो. भारतरत्नाची जोड त्याला नसती तरीही तो तितकाच रास्त राहिला असता.

बाळू आणि बाबासाहेब

एका माणसाला तुकड्यातुकड्याने कसं घ्यायचं याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे.

पालवणकर बाळू हा डावखुरा फिरकी गोलंदाज, जात चांभार. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामं करायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचा. पुढे धर्मावार संघांच्या सामन्यांसाठी हिंदूंच्या संघात त्याला घ्यावंच लागलं, इतका तो चांगला होता. पण चहाच्या वेळी बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा प्यायचे आणि बाळूला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

तरुण आंबेडकरांना या बाळूचा फार अभिमान होता. ज्या हातांचा स्पर्श चालत नाही त्याच हातांतून सुटलेला चेंडू गोऱ्या साहेबाचा स्टंप उडवतो, यापेक्षा मोठं भाषण त्या काळात कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसचा उमेदवार म्हणून उभं कोण होतं? पालवणकर बाळू. दोघांमध्ये साधारण दोन हजार मतांचं अंतर पडलं, आंबेडकर निवडून आले.

बाळूचं राजकारण चुकलं असं कुणी म्हणेल. पण त्यामुळे त्याने घेतलेले बळी परत जात नाहीत, आणि ते बळी बघून ताठ झालेल्या माना पुन्हा वाकत नाहीत. मैदानावरच्या बाळूचा अभिमान आणि मतपेटीतल्या बाळूला विरोध, दोन्ही एकाच वेळी शक्य होतं.

लांबचा तारा, जवळचा दिवा

मोठा खेळाडू बघितला की मुलं खेळायला लागतात, हेही आपण गृहीत धरतो. लंडनने २०१२ च्या ऑलिंपिकला घोषणाच तशी दिली होती, एका पिढीला प्रेरणा द्या. नंतरच्या वर्षांत तिथल्या सरकारी हिशोबतपासणीत दिसलं की आठवड्यातून एकदा तरी खेळणाऱ्या प्रौढांचं प्रमाण उलट घसरलं. सोफ्यावरून उठवायला पदक पुरत नाही.

का पुरत नाही, याचं एक उत्तर लॉकवुड आणि कुंडा या दोघींनी १९९७ मध्ये दिलं. अकाउंटिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी शेवटच्या वर्षातल्या एका हुशार विद्यार्थ्याविषयी वाचायला दिलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हुरूप आला, आपल्यालाही जमेल असं वाटलं. तेच शेवटच्या वर्षाच्या मुलांना दिलं, तर काही फरक पडला नाही. त्यांची वेळ निघून गेली होती. म्हणजे प्रेरणा मिळायला यश फक्त मोठं असून भागत नाही, तिथे पोचायचा रस्ता आपल्या पायांखालून जाताना दिसावा लागतो.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकला. आवडता खेळाडू म्हणून त्याने महेंद्रसिंह धोनीचं नाव घेतलं. कारण दोन: डोकं थंड ठेवणं त्याच्या खेळात लागतं, आणि धोनी रेल्वेत तिकीट तपासायचा, स्वप्निलही रेल्वेत तेच करत होता. षटकार नाही, विश्वचषक नाही. थंड डोकं आणि रेल्वेची नोकरी. मर्टन यांनी सांगितलेलं रोल मॉडेल याहून नेमकं मला कुठे दिसलेलं नाही. आणि माण तालुक्यातल्या मोही गावाची ललिता बाबर रिओला २०१६ मध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. दहाव्या नंबरला पोस्टर मिळत नाही. पण टँकरची वाट बघणाऱ्या त्या तालुक्यातल्या पोरीला ऑलिंपिकच्या फायनलपर्यंतचा रस्ता नेमका कुठून निघतो हे ललिताकडे बघूनच कळतं.

परवा डोंबिवलीला गेले होते. भाचा पॅड बांधत बसला होता. मी सहज विचारलं, कुणासारखं व्हायचंय तुला? त्याने विचार केला. “बॉलिंग बुमरासारखी. पुल शॉट रोहितसारखा. आणि थ्रो आमच्या नेटमधल्या आर्यादीदीसारखा, ती डायरेक्ट हिट मारते, मावशी.”

“आणि शिव्या?”

त्याने स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “त्या बंद केल्यात. आई घरी असते तेव्हा.”